बद्रीची गाडी

४ मार्च १९२९, सोमवार

पोचलो एकदाचा. अंगावर एवढी धूळ बसलीय की तोंड धुतलं तर भाजीचे वाफे करता येतील, पण मन फार खुशीत आहे.

नगरहून निघालेली सर्व्हिस मोटार आष्टीला पंक्चर होऊन बसली. ड्रायव्हरला काही जमेना, शेवटी मीच बाह्या सरसावून चाक उतरवलं. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर तुर्की टोपीवाल्या जमादारानं माझी हत्यारांची पेटी उघडायला लावली. मायक्रोमीटर उचलून त्यानं विचारलं, हे बंदुकीचं काही आहे का? मी त्याच्याच मिशीचा केस उपटून मागितला आणि किती जाड आहे ते मोजून दाखवलं. इतका खूश झाला की चहा पाजला.

बीडला मुक्काम करून आज नेकनूरला उतरलो. तिथं मला बोलावणाऱ्या उत्तरेश्वरराव देशमुखांचा जुना गडी धोंडीराम बैलगाडी घेऊन उभा होता. माळावर देशमुखांची सरकी काढायची बंद पडलेली जिनिंग आहे. यंत्रं केव्हाच विकली गेली. त्या लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये मधोमध ती उभी होती.

रेसिंगची गाडी! आजवर फक्त चित्रात पाहिलेली. दोनच बसायच्या जागा, दारं नाहीत, काच नाही, छप्पर नाही. घोडा पाय पसरून बसावा तसं लांब बॉनेट. मागच्या चाकांना सायकलीसारख्या साखळ्या. फ्रान्समध्ये १९०८ साली तयार झालेली, मुंबईच्या बंदरावर उतरून इथवर आलेली. लाल रंगाचे पापुद्रे सुटलेत, टायरांच्या चिंध्या झाल्यात, सिलेंडरात मधमाश्यांचं घर. अठरा वर्षं कुणी हात लावलेला नाही.

देशमुख स्वतः आले. पन्नाशीचे, उंच, बोलणं मोजकं. म्हणाले, दोन महिन्यांत गाडी पहिल्यासारखी कर. एप्रिलअखेर साऱ्या तालुक्यासमोर ती मी स्वतः चालवणार, शेजारी तू बसायचंस, आणि बॉनेटवर पितळी पट्टी लागेल, त्रिंबक पांचाळ, नगर. नगरच्या वर्कशॉपात चौदा वर्षं घासली, आणि फोरमनची जागा माझ्या हाताखाली शिकलेल्याला मिळाली. इथं निदान पट्टीवर नाव तरी माझंच.

वर्कशॉपातले माझे उस्ताद सांगायचे, केलेलं काम त्याच दिवशी लिहावं. म्हणून ही वही.

६ मार्च

दोन दिवस नुसतं उघडणं आणि धुणं. चारही पिस्टन रॉकेलात भिजत घातलेत. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो मेलेला नाही, झोपलेला आहे.

एक गंमत सापडली. प्रत्येक सुट्या भागावर, सहज दिसणार नाही अशा जागी, पंचनं ठोकलेलं बारीक ‘ब’ अक्षर आहे. व्हॉल्व्हच्या दांडीवर, बुशांच्या कडेला, कार्बुरेटरच्या झाकणाआड. आणि ‘ब’ असलेला एकही भाग मूळ कारखान्याचा नाही. कुणीतरी इथं, या माळावर, ऐरण आणि कानस घेऊन ते हातानं घडवलेत. माप घेतलं. केसाचाही फरक नाही. एक पितळी बुश, दांडा ज्यात फिरतो ती कडी, हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. आतून आरशासारखा होता.

धोंडीरामला विचारलं, हे कुणाचं काम. तो म्हणाला, “बद्रीचं. दुसऱ्या कुणाचं आसंल?”

११ मार्च

आज दुपारी धोंडीरामकडून सगळी हकिकत काढून घेतली. गाडी दुरुस्त करायची तर तिचा इतिहास ठाऊक हवा, असं माझं मत.

बद्रीनाथ हा याच वाडीतल्या लोहाराचा मुलगा. देशमुखांच्या वडिलांनी त्याला हैदराबादेस मोटारीचं काम शिकायला धाडलं. गाडी आणली उत्तरेश्वररावांनी, पण तिला वळण लावलं बद्रीनं. फ्रान्सहून सुटे भाग यायला सहा महिने लागत, म्हणून तो स्वतःच घडवी. आणि गाडी चालवावी तर त्यानंच. देशमुख बसले की ती खोकायची, बद्री बसला की पळायची. सिकंदराबादच्या मैदानावर त्यानं एका नवाबाची इंग्लिश मोटार मागं टाकली. लोक गाडीला देशमुखांची म्हणतच नसत. “बद्रीची गाडी आली, बद्रीची गाडी आली, आसं पोरंटोरं वरडायची,” धोंडीराम म्हणाला.

सन १९११ च्या उन्हाळ्यात नेकनूरच्या रस्त्यावर त्याच नवाबाशी पुन्हा शर्यत ठरली. नाल्याच्या उतारावर, वळणाशी गाडी वळलीच नाही. सरळ गेली. बद्री दगडावर आपटून जागीच गेला. गाडीला मात्र फारसं काही झालं नाही. बैल लावून ती शेडमध्ये ओढून आणली आणि दार लावलं, ते मी येईपर्यंत.

ऐकून वाईट वाटलं. पण खरं लिहायचं तर सिकंदराबादची गोष्ट रंगात आली तशी ती लवकर संपावी असं वाटत होतं.

१७ मार्च

टायर आले, पेट्रोलचे डबे आले. पिस्टन मोकळे झाले. काम झपाट्यानं होतंय, पण कुणाला कौतुक नाही.

स्वयंपाकाच्या चंद्रभागाबाई भाकरी वाढताना सांगत होत्या की बद्री नुसता कान लावून गाडीचं दुखणं ओळखायचा. वाडीतले म्हातारे शेडमध्ये येतात, गाडीभोवती फिरतात, बॉनेटवर हात ठेवतात आणि बद्रीच्या गोष्टी एकमेकांना सांगतात. मी तिथंच ग्रीसनं माखलेला उभा असतो. एकानं मला सांगितलं, “लई नशीब तुमचं. बद्रीच्या गाडीला हात लावाया मिळाला.”

नशीब म्हणे. त्यांचा बद्री तिशीत मेला म्हणून आज थोर. चौदा वर्षं रोज उठून काम केलं असतं तर त्यालाही कुणीतरी मागं टाकलं असतंच.

शेडला मागच्या बाजूनं लागून एक खोली आहे. तिथं त्याची बायको सत्यभामा राहते. चाळिशीची असेल. शेण-गोठ्याचं करते, सरकी निवडते. बोलत नाही फारशी. मी पहिल्यांदा इंजिनाचं हँडल फिरवलं तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं माझं काम बघतेय. पण ती माझ्याकडे एकदाही न बघता गाडीकडे बघून गेली.

२३ मार्च

आज एक हलकं काम केलं, ते लिहूनच टाकतो.

चांगला बुश उगाच बदलायचं काही कारण नव्हतं. तरी मी नवीन पितळ घेऊन माझा स्वतःचा बुश घडवला. अडीच दिवस लागले. मग जुन्या चार भागांवरचा ‘ब’ कानसून काढला आणि तिथं माझा ‘त्रिं’ ठोकला. जेवायला गेलो तेव्हा माझा बुश गाडीत बसवलेला होता.

परत आलो तर तो शेगड्यात, बाकावरच्या लोखंडी पकडीत, आवळलेला. बाहेरून आणखी थोडा कानसलेला. मापला. मी सोडलेली चूक, जी मला सापडलीच नव्हती, ती नाहीशी झालेली. आणि त्याच्या कडेला, ताजा, चकचकीत ‘ब’.

धोंडीरामचीच काहीतरी खोडी असणार म्हणून त्याच्यावर ओरडलो. तो बिचारा त्या वेळी देशमुखांबरोबर नेकनूरला गेला होता. चंद्रभागाबाईंनी शपथ घेऊन सांगितलं.

२७ मार्च

इथं मार्चअखेरच ऊन असं की बारा ते तीन सारी वाडी आडवी होते. कुत्रंही सावली सोडत नाही. तेवढ्याच वेळात हे घडतं.

आज शेडला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि समोरच्या लिंबाखाली डोळे उघडे ठेवून बसलो. मागच्या बाजूला सत्यभामेची खोली, पण तिथून शेडमध्ये दार नाही, भिंत आहे.

अर्ध्या तासानं आतून कानसीचा आवाज आला. दोन लांब, एक आखूड. दोन लांब, एक आखूड. सावकाश, माणूस रमून काम करतो तसा. लोखंडावर कानस नेमकी किती दाबावी हे ज्याला कळतं, त्याचाच असा आवाज येतो. मला तो कधीही काढता आला नाही.

कुलूप काढून आत गेलो. कुणी नाही. शेगड्यात साखळीचा दात. खाली ताजा कीस. कानस उचलली तर ती गरम होती.

भीती वाटली, हे खरं. पण आधी काय वाटलं ते लिहितो. त्या दाताकडे बघून मला वाटलं, हे मला का येत नाही?

३० मार्च

आज सत्यभामा स्वतः बोलली. मी हौदावर हात धूत होतो. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली,

“तुमालाबी ऐकू येतंय नव्हं? मला वाटलं मला एकलीलाच येतंय.”

ती सांगत राहिली. दोन लांब, एक आखूड, ही त्यांचीच रीत. मी गाडी उघडली त्या दिवसापासून दुपारी ती भिंतीला पाठ लावून बसते. अठरा वर्षांत तिला कधी अशी झोप लागली नाही, जशी आता त्या आवाजात लागते.

मी म्हणालो, बाई, तुम्हाला भीती नाही वाटत?

“भ्या कावून वाटंल? माझं माणूस हाय ते.”

तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते माझ्यासाठी कुणाच्या चेहऱ्यावर आलेलं मला आठवत नाही. माझी बायको सात वर्षांपूर्वी गेली. तिनंही माझ्या कानसीचा आवाज कधी ऐकून ठेवला नसेल.

५ एप्रिल

इंजिन सुरू झालं! तिसऱ्या झटक्याला. आख्ख्या शेडचे पत्रे थरथरले, पारवे उडाले. वाडी धावत आली. मी हँडल हातात घेऊन उभा, घामानं निथळत, डोळ्यांत पाणी.

देशमुख दारातच थांबले. ते कधी आत येत नाहीत, दुपारी तर मुळीच नाही. बराच वेळ ऐकून म्हणाले, “आगदी बद्रीचा आवाज.” आणि परत फिरले.

माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. एकानंही माझ्या पाठीवर थाप दिली नाही.

सत्यभामेच्या हातात आज हिरव्या बांगड्या आहेत. दोन-दोन. चंद्रभागाबाईंनी तोंडाला पदर लावला. मी दिवसभर त्या बांगड्यांचा विचार करतोय.

१० एप्रिल

आज पुढचा भाग उघडला. स्टेअरिंगपासून पुढच्या चाकाकडे एक गज जातो. तो बोल्टावर नटनं आवळलेला असतो आणि नट फिरू नये म्हणून बोल्टाच्या भोकातून आरपार पिन घालून तिचे पाय दुमडतात. पिन नसली तर हादऱ्यांनी नट सुटत जातो, गज निखळतो, आणि मग स्टेअरिंग कितीही फिरवा, चाकं आपल्या मनानं जातात.

हा गज निखळून लोंबकळत होता. नट नाही. पिन तुटली असती तर तिचा तुकडा भोकात अडकून राहिला असता. भोक मोकळं आहे. अठरा वर्षांचं ग्रीस त्यात वाळून बसलंय. आटे जसेच्या तसे.

पिन तुटलेली नाही. ती काढलेली होती.

बद्रीनं स्वतः? एवढे भाग घडवणारा माणूस पिन घालायला विसरेल?

११ एप्रिल

आज सत्यभामेनं फडक्यात बांधलेली एक वही आणून दिली. बद्रीची कामाची वही. तिला वाचता येत नाही. अठरा वर्षं तिनं ती कुणाला दाखवली नव्हती. म्हणाली, तुम्ही त्यांच्याच धंद्यातले, तुम्ही वाचून दाखवा.

उंबऱ्याबाहेर बसून वाचली. मापं, तारखा, कुठं काय घासलं. ती मान डोलावत ऐकत होती, भजन ऐकावं तशी. मग शेवटचं पान आलं. मी ते आधी मनात वाचलं.

‘सगळ्या पिना बसविल्या. मोजून अकरा. मालक आले. म्हणाले, शर्यतीला वेळ आहे, जा, जेवून ये. मी गाडीपाशी बसतो.’

बस. यापुढं कोरं.

तिनं विचारलं, संपलं का? मी म्हणालो, संपलं. शेवटी नुसता हिशोब आहे खिळ्यांचा.

का खोटं बोललो? लिहितो, इथं तरी खरं लिहितो. तिला सांगितलं असतं तर बद्री आणखी मोठा झाला असता. आता नुसता कारागीर आहे, मग बळी गेलेला देव झाला असता. गाडीवर माझं बोटभर नाव उरलं असतं का?

१२ एप्रिल

ते पान फाडून देशमुखांपुढं ठेवलं. त्यांनी वाचलं, दोनदा. नाकारलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील.

ते म्हणाले, गाडी माझी, पेट्रोल माझं, रस्ता माझ्या गावचा. पण मी रस्त्यानं चाललो तर पोरं विचारायची, बद्री कुठाय? मला तो मरायला नको होता. फक्त हरायला हवा होता. एकदा. नवाबासमोर गाडी वाकडीतिकडी जावी, लोकांनी हसावं, एवढंच.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुला कळतंय मी काय म्हंतोय ते. तुझ्या तोंडावर दिसतंय.”

कळत होतं. फार नीट कळत होतं.

पट्टी उद्याच लावू म्हणाले. ठळक अक्षरांत. पान त्यांनी चुलीत घातलं. मी ते बघत उभा राहिलो.

१५ एप्रिल

परवा पट्टी लावली. त्रिंबक पांचाळ, नगर. चार स्क्रू, चारही माझ्या हातानं आवळले.

आज दुपारी ती जमिनीवर. वाकवून दोन्ही टोकं जुळवलेली. बॉनेटवरची चारही भोकं भरून, घासून, वर रंग. भोकं होती कुठं तेही बोटाला लागत नाही.

अक्षरं कानसून गुळगुळीत केलीत. नावाच्या जागी नुसतं पितळ.

१९ एप्रिल

तीन दिवस कानस थांबलीय.

दुपारी मी शेडमध्ये बसतो, मुद्दाम. काही नाही. पत्रे तापून तडतडतात तेवढंच. पण कुणीतरी मागं उभं राहून माझे हात बघतंय. नट आटे चुकून वाकडा बसतो. चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पेचकस निसटतो. शिकाऊ पोरासारखा—

सत्यभामा आली होती. आवाज का येत नाही, तुम्ही काय केलंत, असं विचारत होती. वही परत मागितली. पानं मोजू लागली. तिला वाचता येत नाही, पण पानं मोजता येतात. रोज मोजत असणार.

एक कमी आहे म्हणाली. मी म्हणालो, आधीपासूनच.

तिनं वही पुन्हा फडक्यात बांधली आणि निघून गेली.

२४ एप्रिल

देशमुख आज भर दुपारी शेडमध्ये आले. पहिल्यांदाच. म्हणाले, रविवारी चालवायची तर बसून तर बघू. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

मी बाजूलाच होतो. मला काही दिसलं नाही. त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला. हात सोडवायला बघत होते, सुटेनात. खांद्यापासून ओढत होते. सुटले तेव्हा धडपडून खाली आले आणि दोन्ही मनगटं पदरात घ्यावी तशी धोतरात गुंडाळून बसले. वरून दाबले त्यानं, म्हणत होते. दोन्ही पंजे माझ्या पंजांवर. गरम. कानसून उठल्यावर असतात तसे गरम.

तिथून उठून ते सरळ सत्यभामेच्या दारात गेले. उंबऱ्यापाशी डोकं टेकलं आणि सगळं सांगितलं. पिन, जेवण, सगळं. मी जाळलेल्या— त्यांनी जाळलेल्या पानाचंही. साऱ्या वाडीनं ऐकलं.

ती रडली नाही. उठली, माझ्यापर्यंत चालत आली.

“तुमी वाचलंवतं,” म्हणाली. एवढंच.

२६ एप्रिल

गाडी तिला दिली. देशमुखांनी पंचांसमोर सांगितलं, आजपासून गाडी सत्यभामेची. बॉनेटवर नाव बद्रीनाथचं. रंगारी बोलावलाय.

रविवारी फुलं घालून गाडी नाल्याच्या वळणापर्यंत न्यायची, जिथं तो गेला तिथं नारळ फोडायचा. चालवणार मी. चालवू शकणारे आम्ही दोघंच, मी आणि देशमुख.

माणसं रांगेनं येतात, चाकाला हळद लावतात. मला बाजूला सरायला सांगतात. सरा हो जरा. मी जोडलेल्या चाकाला हळद लावायला मला सरायला सांगतात.

दुपारी कानस पुन्हा सुरू झाली. भिंतीपलीकडे ती हसली. बांगड्या वाजल्या. मी ऐकलं.

२७ एप्रिल

पिन काढली.

अकरावी. गजाची, मीच नवी बसवलेली. आत्ता, सकाळीच. नट दोन फेरे सैल केला. माळ ओलांडून जाईल तोवर टिकेल. उतारावर नाही.

उद्या मला ताप येणार. मग देशमुखांना चालवावी लागेल. एकट्यानं. तिला बसू देणार नाहीत, बायका नाल्यावर चालत जाणार असं ठरलंय. वळणावर गाडी सरळ जाईल. मग म्हणोत, बद्रीची गाडी दोनदा फसली. बद्रीच्या कामातच खोट होती. मग कुणी हळद लावणार नाही.

देशमुख मेले तर? त्यांनीही त्याला फक्त हरवायचं ठरवलं होतं.

कानस वाजत नाहीये. पिन खिशात आहे. मांडीला चटका बसतोय तिचा.

२८ एप्रिल, रविवार

ताप म्हणून सांगितलं. कुणी पुन्हा विचारलंही नाही. आडवाटेनं वळणापाशी आलोय. उतारापलीकडे बाभळीखाली बसलोय. इथून रस्ता पूर्ण दिसतो. अजून कुणी पोचलेलं नाही. ऊन डोक्यावर. वही का आणली कळत नाही. बघितलेलं लिहावं म्हणून.

—

धोंडीराम आडव्या शेतातून पळत आला, मला बघून थबकला. धापा टाकतोय. देशमुख गाडीजवळ यायलाच तयार नाहीत, घरात कडी लावून बसलेत. माणसं गाडी ढकलत न्यायचं म्हणत होती. तेवढ्यात सत्यभामा जाऊन बसली. चालवायच्या जागेवर नाही. शेजारच्या.

आणि इंजिन सुरू झालं. हँडल कुणी फिरवलं नाही. गाडी अजून तिथंच उभी राहून धडधडतेय म्हणतो. “कुनीच न्हाई, मास्तर! म्या सोता बघितलं!”

तो बायकांना थांबवायला मागं पळाला.

ती आत आहे. ती आत आहे आणि नट सैल—

आवाज येतोय. माझ्या इंजिनाचा. नाही. असा आवाज मला कधी काढता आला नाही.

धूळ दिसली. माळ उतरतेय. फार वेगात. कुणी इतक्या वेगात—

लाल. फुलं उडतायत.

मध्ये उभं राहून हात करायला हवा. ओरडायला हवं. पिन आहे माझ्याकडे, थांबा, पिन आहे. पाय उठतात, पण

ती दिसतेय आता. पदर सुटलाय. ती हसतेय. वळून शेजारी बघून बोलतेय, आणि ऐकतेय, आणि पुन्हा हसतेय. माझ्याकडे कुणी असं कधी

वळणाला आली. आता सरळ जाईल. आता जायला हवी

वळली.

पिन माझ्या मुठीत आहे आणि ती वळली. अलगद. रस्ता धरून नाही. रस्ता सोडून, उताराच्या या बाजूला, बाभळीकडे. सत्यभामा आता समोर बघतेय. ओळखलं तिनं मला. आणि तिच्या शेजारी, स्टेअरिंगवर दोन हात, मला दिसतायत, काळे, ग्रीसचे, ते मला